परिचारिकेची चिंतनवही : सहा रकान्यांचा हिशेब

बी.एड.ला असताना ज्यांनी चिंतनात्मक दैनंदिनी लिहिली आहे, त्यांना या लेखाचा विषय परका वाटू नये. दिवसा पाठ घ्यायचा. रात्री बसून तो कसा झाला, काय चुकले, पुढच्या खेपेला काय करू, हे लिहायचे आणि शनिवारी वहीवर सही घ्यायची. एखादी विद्यार्थिनी खरोखर विचार करून लिहिते, शेजारची मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवते, आणि गुण दोघींना जवळपास सारखेच पडतात. हीच वही गेल्या काही वर्षांत दवाखान्यातही पोचली आहे. एम.बी.बी.एस.च्या २०१९ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आहे, आणि त्यात विद्यार्थ्याने स्वतःच्या अनुभवावर लिहावे अशी अपेक्षा आहे. परिचर्येच्या शिक्षणात तर हा प्रघात त्याहून जुना. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१६ पासून परिचारिकेला दर तीन वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना पाच चिंतननोंदी लिहिलेल्या असाव्या लागतात.

कल्पना चांगली आहे, याबद्दल आमचा वाद नाही. आमचा वाद वहीशी आहे. ही वही ज्या रूपात आपल्याकडे आली आहे, ते रूप शहापूर आणि मुरबाडसारख्या तालुक्यांत कितपत उपयोगी पडते, हे तपासून पाहावे असे आम्हाला वाटते. हे दोन तालुके निवडण्याचे कारण उघड आहे. मुंबईपासून फार लांब नाहीत, पण पाड्यावर रात्री कोणी आजारी पडले तर मुंबई फार लांब असते. सामुदायिक आरोग्याच्या अनुभवासाठी नर्सिंगच्या मुलींना खेड्यात पाठवतात ते अशाच भागांत, आणि वहीत लिहिण्यासारखे सर्वांत जास्त घडते तेही इथेच.

आधी शब्दाबद्दल थोडेसे. आपल्याकडे चिंतन म्हटले की डोळे मिटतात. एकांत, शांतता, आत वळलेले मन असे चित्र उभे राहते. मूळ कल्पना मात्र उघड्या डोळ्यांची आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई याने १९१० साली विचारप्रक्रियेवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात त्याचे म्हणणे असे की माणूस खरा विचार करू लागतो तो अडल्यावर. नेहमीची वाट चालताना विचार लागत नाही. वाटेला फाटा फुटला आणि कोणीकडे जावे ते कळेना, की तो थांबतो, खुणा पाहतो, अंदाज करतो आणि तो अंदाज तपासतो. याच ड्यूईवर प्रबंध लिहिलेल्या डोनाल्ड शॉन याने १९८३ साली व्यावसायिक मंडळी प्रत्यक्ष कामात विचार कसा करतात, यावर पुस्तक लिहिले आणि तिथून हा शब्द शिक्षक, वास्तुविशारद, परिचारिका अशा सर्व व्यवसायांत पसरला. शॉनने एक दाखला दिला आहे. व्यवसायाच्या प्रदेशात एक उंच, टणक जमीन असते. तिथे प्रश्न स्वच्छ असतात आणि शास्त्राची उत्तरे चपखल बसतात. खाली दलदल असते. तिथे प्रश्न गुंतलेले असतात, पण लोकांच्या दृष्टीने महत्त्वाचे प्रश्न नेमके तिथेच असतात. भातलावणीच्या दिवसांत मुरबाडच्या एखाद्या पाड्यावर लसीची पेटी खांद्याला लावून बांधावरून चाललेल्या आरोग्यसेविकेला हा दाखला समजावून सांगण्याची गरज नाही.

मग वहीचे सहा रकाने आले कुठून? ग्रॅहॅम गिब्ज या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञाने १९८८ साली अनुभवातून शिकवण्याच्या पद्धतींवर एक मार्गदर्शिका लिहिली, आणि तीही महाविद्यालयीन शिक्षकांसाठी, परिचारिकांसाठी नव्हे. त्यात एक चक्र होते : काय घडले, काय वाटले, त्यात बरे काय नि वाईट काय, असे का घडले, आणखी काय करता आले असते, आणि पुन्हा तसे घडले तर काय कराल. सहा साधे प्रश्न. चर्चेला सुरुवात करून देण्यासाठी उत्तम. पण छापील तक्ता करता येण्याजोगी कोणतीही गोष्ट शिक्षणव्यवस्थेच्या हाती लागली की तिचा तक्ता होतोच. चक्राच्या सहा पायऱ्या सहा रकाने झाल्या, रकान्यांना गुण मिळाले आणि परिचर्येच्या वर्गात ते चक्र कायमचे स्थायिक झाले.

रकाने कसे भरले जातात हे पाहण्यासाठी आपण एक प्रसंग कल्पू. प्रसंग कल्पित असला तरी पावसाळ्यात या भागात काम केलेल्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल.

जुलैची रात्र. दहा वर्षांची मुलगी घरात जमिनीवर चटई टाकून झोपली आहे. पहाटे चारच्या सुमारास तिच्या पोटात दुखू लागते, एक-दोन उलट्या होतात. घरचे ओवा देतात, थोडी वाट पाहतात. उजाडल्यावर मोटारसायकलवर मध्ये बसवून तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात आणतात. डॉक्टर शेजारच्या गावी शिबिराला गेले आहेत, केंद्रात सिस्टर आहे आणि तिच्याबरोबर अनुभवासाठी आलेली विद्यार्थिनी. ताप नाही, जुलाब नाहीत, पोट मऊ आहे. उलटीवरचे औषध दिले जाते. साडेआठला मुलगी झोपाळल्यासारखी दिसते. रात्रभर जागली असेल, असे सगळ्यांना वाटते. नऊला ती पाणी गिळताना ठसकते. तेव्हा आजी म्हणते, पान लागले असेल. अंगावर दंशाची खूण शोधतात, सापडत नाही. तरी काचेच्या कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे ठेवतात. रक्त व्यवस्थित गोठते. म्हणजे विष नाही, असे म्हणून सगळे सुटकेचा श्वास टाकतात. साडेनऊला मुलीचा श्वास उथळ होतो आणि १०८ला फोन जातो.

त्या दिवशीची विद्यार्थिनीची वही काहीशी अशी असेल. काय घडले : सर्पदंशाची केस आली, रुग्णास संदर्भित केले. काय वाटले : मी खूप घाबरले, मला वाईट वाटले. चांगले-वाईट : सिस्टरांनी मार्गदर्शन केले, पालकांनी रुग्णास उशिरा आणले. विश्लेषण : ज्ञान कमी पडले, लोकांत जागृती नाही. आणखी काय करता आले असते : लवकर संदर्भित करता आले असते. पुढे : सर्पदंशाबद्दल वाचन करीन आणि आरोग्यशिक्षण देईन.

सहाही रकाने भरले. एकही वाक्य खोटे नाही. तपासणाऱ्या बाई दहापैकी सात-आठ गुण देतील, आणि यातून पुढच्या मुलीचा जीव वाचायला काडीचीही मदत होणार नाही.

का होणार नाही, ते पाहू. मण्यार हा रात्री फिरणारा साप. जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो चावतो तेव्हा अनेकदा झोपही मोडत नाही, कारण त्याचे दात बारीक असतात, वेदना आणि सूज जवळजवळ नसते, खूण दिसेलच असे नाही. पहाटे पोटात दुखणे, उलटी, मग पापण्या जड होऊन खाली येणे, गिळता न येणे आणि शेवटी श्वासाचे स्नायू निकामी होणे, असा क्रम असतो. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्ताच्या गोठण्याची यंत्रणा बिघडवते. वीस मिनिटांची नळी त्यांच्यासाठी आहे. मण्यार आणि नाग यांचे विष चेतातंतू आणि स्नायू यांच्यामधला निरोप तोडते. त्यांच्या दंशात रक्त नेहमीसारखेच गोठते. म्हणजे नळीने जे उत्तर दिले ते बरोबर होते. तिला विचारलेला प्रश्न चुकीचा होता. पापण्यांनी मात्र साडेआठलाच उत्तर दिले होते, त्याला सगळ्यांनी झोप म्हटले.

चिंतन म्हणायचे ते इथे सुरू होते. पापणी जड होणे आणि झोप येणे यांत फरक कसा करायचा? मुलीला वर बघायला सांगितले असते तर? झोपाळू मूल हाक मारल्यावर पापण्या उचलते, मण्यारीच्या विषाने लुळ्या पडलेल्या पापण्या उचलता येत नाहीत. पहाटेची पोटदुखी, जमिनीवर झोपणे, पावसाळा आणि ताप-जुलाबाचा अभाव या चार गोष्टी एकत्र आल्या की मण्यारीचा विचार आधी मनात यावा, असे त्या केंद्रात कोणी कधी मोठ्याने म्हटले होते का? प्रतिविष फ्रीजमध्ये होते का, आणि लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच मात्रा लागते, हे रात्रपाळीच्या सिस्टरला ठाऊक होते का? साप चावताना मुलाच्या वजनाकडे पाहून कमी विष सोडत नाही, म्हणून मात्राही वजनावर ठरत नाही. मण्यारीचे विष चेतातंतूंची टोकेच बिघडवते. एकदा ती बिघडली की प्रतिविषाने ती दुरुस्त होत नाहीत, ते फक्त रक्तात फिरणाऱ्या विषाला आवरते. मग खरा आधार कृत्रिम श्वासाचा. केंद्रातली अँब्युबॅग कुठल्या कपाटात होती, तिचा लहान मुलाचा मुखवटा जागेवर होता का, आणि रुग्णवाहिकेतल्या प्रवासात ती पिशवी दाबत राहील असा माणूस कोण होता?

या प्रश्नांना घड्याळ लागते. चार वाजता, सात वाजता, साडेआठला, नऊला काय दिसले हे लिहिले नसेल तर 'असे का घडले' या रकान्यात 'ज्ञान कमी पडले' यापलीकडे काही येऊच शकत नाही. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली असा अंदाज आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतल्या बहुसंख्यांच्या मागे अशी वेळापत्रके आहेत, कोणी न लिहिलेली.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने १८५९च्या आपल्या परिचर्येवरील पुस्तकात आजाऱ्याच्या निरीक्षणाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. रात्री झोप कशी लागली, असे मोघम विचारले की मोघमच उत्तर मिळते, किती तास झोपला आणि कोणत्या तासांना, असे विचारा, असा तिचा आग्रह होता. भावनांचा रकाना तिच्याकडे नव्हता म्हणून ती कोरडी होती असे कोणी म्हणणार नाही.

आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर सह्याद्रीच्याच उतारावर, रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळच्या बिरवाडीला जावे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६च्या सुमारास तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, मरत होती आणि पुस्तकात त्यावर फारसे काही नव्हते. ते रुग्णाच्या खाटेशी बसले. नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा थंडपणा, श्वास यांच्या नोंदी करत राहिले. त्या नोंदींतून एक क्रम दिसू लागला : आधी रक्तदाब खूप चढतो, मग हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी साठते. १९७८ साली त्यांचे पत्र 'लॅन्सेट'मध्ये छापून आले, आणि पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध या दंशावर चालते, हे त्यांनी १९८६ साली त्याच नियतकालिकात मांडले. गंभीर दंशात शंभरातले तीसेक रुग्ण दगावत असत, ते प्रमाण पुढे अगदी थोड्यावर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बावस्करांनी सहा रकाने भरले नव्हते. पण ड्यूईला अभिप्रेत असलेले चिंतन दाखवायचे असेल तर आम्ही वर्गात हेच उदाहरण देऊ : अडणे, पाहणे, अंदाज बांधणे आणि तो पुढच्या रुग्णावर तपासणे.

कोणी म्हणेल, ते डॉक्टर होते, संशोधक वृत्तीचे होते. अठरा-वीस वर्षांच्या मुलीकडून ही अपेक्षा कशी करता? शोध लावण्याची अपेक्षा नाहीच. पण वेळ लिहिणे आणि जे दिसले ते दिसले तसे लिहिणे, एवढे तर शाळेतल्या प्रयोगवहीतही आपण मागतो.

वहीची दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. ती काय लिहिले जात नाही याची नाही, काय सहज लिहिले जाते याची आहे. आमच्या पाहण्यात आलेल्या विद्यार्थिनींच्या वह्यांत एक शब्द पुन्हा पुन्हा भेटतो : अडाणी. 'लोक अडाणी असल्यामुळे लसीकरणास सहकार्य करत नाहीत.' 'आईला महत्त्व पटवून दिले.' हे लिहिणारी मुलगी दुष्ट नसते. ती एखाद्या गावातून किंवा शहरातून आलेली असते, तिला शिकवणाऱ्यांनी हीच भाषा वापरलेली असते, आणि 'विश्लेषण' या रकान्यात काहीतरी लिहिणे भाग असते.

शहापूर-मुरबाडमधल्या कातकरी कुटुंबाचे वर्ष समोर ठेवून हे विश्लेषण तपासू. शेतीची कामे संपली की दिवाळीनंतर बरीच कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. समजा, बाळ सप्टेंबरच्या मध्यावर जन्मले. जन्माच्या वेळचे डोस झाले. दीड महिन्याची लस ऑक्टोबरअखेर येते, तेव्हा आई पाड्यावर आहे, तीही मिळाली. दहाव्या आठवड्याची लस नोव्हेंबरच्या शेवटी आणि चौदाव्या आठवड्याची डिसेंबरच्या शेवटी. तेव्हा कुटुंब भट्टीवर आहे. नऊ महिन्यांचा गोवर-रुबेलाचा डोस जूनच्या मध्यावर येतो आणि तोवर बाळ परत आलेले असते. म्हणजे हेच बाळ एका नोंदीत आज्ञाधारक आईचे, पुढच्या दोन नोंदींत अडाणी आईचे आणि पुन्हा आज्ञाधारक आईचे ठरते. मधल्या काळात तिची अक्कल गेली आणि परत आली असे मानायचे, की लसीकरणाचा दिवस आणि भट्टीचा हंगाम यांचा मेळ बसत नाही असे म्हणायचे? पाड्यावरच्या सेविकेच्या यादीत बाळ गैरहजर असते. भट्टीजवळच्या सेविकेच्या यादीत त्याचे नावच नसते. वर्गात तारखा मांडून हे गणित सातवी-आठवीची मुलेही सोडवतील. करून पाहावे.

पाण्याचेही तसेच. 'पाणी उकळून, गाळून प्यावे याचे महत्त्व सांगितले' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक वहीत असते. तानसा, भातसा आणि वैतरणेचे पाणी मुंबईला पाठवणाऱ्या शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. हंडाभर पाण्यासाठी उन्हात उभ्या असलेल्या बाईला उकळण्याचे महत्त्व सांगून आलेल्या मुलीने संध्याकाळी वहीत नेमके कशावर चिंतन करावे? सरपण कुठून येते, यावर केले तरी चालेल. पण तक्त्यातला दुसरा रकाना तिला विचारतो : तुम्हाला काय वाटले?

इथे तक्त्याचा मुळातला दोष दिसतो. तो सगळे प्रश्न एकट्या व्यक्तीला विचारतो. त्यामुळे उत्तरही एकट्या व्यक्तीत सापडते : माझे ज्ञान, माझी भीती, माझा निश्चय. किंवा समोरच्या बाईचे अज्ञान. मधल्या सगळ्या गोष्टी, म्हणजे रस्ता, गाडी, औषधाचा साठा, रिकामे पद, भट्टीचा मालक, रकान्यांच्या फटींतून गळून जातात. बाळंतपणातल्या मृत्यूंबाबत सेरीन थडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ साली तीन विलंबांची मांडणी केली : जायचे ठरवण्यातला विलंब, पोचण्यातला विलंब आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला विलंब. आमच्या कल्पित मुलीच्या बाबतीत पहिला विलंब तीनेक तासांचा, दुसरा थोडका आणि तिसरा अडीच तासांचा आहे. वहीत मात्र पहिलाच तेवढा नोंदला गेला, कारण तो पालकांचा होता.

भीतीचाही वाटा आहे. ब्रिटनमध्ये २०११ साली एका मुलाच्या मृत्यूबद्दल हादिझा बावा-गार्बा या शिकाऊ डॉक्टरला २०१५ साली शिक्षा झाली आणि जानेवारी २०१८मध्ये तिचे नाव नोंदणीतून काढले गेले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अपिलात ते परत आले. तिने स्वतःच्या चुकांवर लिहिलेले चिंतनच तिच्याविरुद्ध वापरले गेले, अशी बातमी पसरली. ज्यूरीपुढे ती वही ठेवली गेली नव्हती हे नंतर स्पष्ट झाले, पण तोवर तिथल्या डॉक्टरांत प्रामाणिकपणे लिहावे की नाही, यावर मोठे वादळ उठले होते. आपल्याकडे कोर्टापर्यंत जायलाही नको. ज्या बाई वही तपासणार त्याच अंतर्गत गुण देणार, आणि ज्या सिस्टरबद्दल लिहायचे तीच हजेरीवर सही करणार, एवढे पुरते. 'सिस्टरांनी मार्गदर्शन केले' हे वाक्य त्या सहीतून जन्माला येते.

मग चिंतनाचा उपयोग होतो की नाही? कॅरन मान, जिल गॉर्डन आणि ॲना मॅक्लिऑड यांनी आरोग्यशिक्षणातल्या चिंतनावरचे २९ अभ्यास तपासून २००९ साली आढावा प्रसिद्ध केला. चिंतन शिकवण्याचा आग्रह पुष्कळ, पण त्यामुळे रुग्णसेवा सुधारते याचा पुरावा फार तोकडा, आणि आधार मुख्यतः तात्त्विक, असा त्याचा सूर होता. याउलट नेदरलँडमधल्या सिल्व्हिया मामेडे आणि सहकाऱ्यांनी २०१० साली एक नेमकी गोष्ट दाखवली. नुकत्याच पाहिलेल्या आजारासारखा दिसणारा दुसरा आजार समोर आला की शिकाऊ डॉक्टर घाईने पहिल्याचेच नाव देतात. पण त्यांना थांबवून, कोणती लक्षणे या निदानाशी जुळतात, कोणती जुळत नाहीत आणि याखेरीज काय असू शकेल, हे क्रमाने मांडायला लावले की चुका कमी होतात. 'काय वाटले' आणि 'काय जुळत नाही' या दोन प्रश्नांत केवढा फरक आहे, ते इथे दिसते. पोटदुखीच्या मुलीला जुलाब नव्हते, ताप नव्हता. हे जुळत नव्हते.

एकट्याने लिहिण्याऐवजी चौघांत बोलण्याची परंपरा महाराष्ट्रात आहे, आणि ती गिब्जच्या चक्रापेक्षा जुनी आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडला काम सुरू केले. प्रशिक्षित परिचारिका खेड्यात राहायला राजी होत नाहीत, असे दिसल्यावर गावांतल्याच बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले. त्यांतल्या बऱ्याचजणी निरक्षर होत्या, अनेकजणी दलित. त्यांचे शिक्षण एकदा होऊन संपले नाही. त्या आठवड्याला जामखेडला जमत, आपापल्या गावात काय झाले ते सांगत, कोणाचे मूल दगावले, कोणी दारातून परत पाठवले, काय केल्यावर फरक पडला, यावर बोलत आणि नवे काही शिकून परत जात. लिहिता न येणाऱ्या बायकांनी चालवलेला हा चिंतनाचा वर्ग होता. वहीशिवाय चिंतन होत नाही असे मानणाऱ्यांनी त्याचा विचार करावा.

सरकारी यंत्रणेतही असे एक दालन आहे. मातामृत्यूंच्या परीक्षणाची पद्धत २०१० साली देशभर आली आणि २०१७च्या सुधारित सूचनांत नाव नाही, दोष नाही, हे तत्त्व मांडले गेले. घरी जाऊन कुटुंबाला विचारायचे, दवाखान्याचे कागद पाहायचे, आणि तिन्ही विलंब शोधायचे. कागदावर ही पद्धत गिब्जच्या तक्त्याहून कितीतरी चांगली आहे. अशा बैठकीत विद्यार्थिनींना श्रोत्या म्हणून बसवले तर त्या एका दिवशी जे शिकतील ते पाच वह्यांत मिळणार नाही. आणि फक्त आरोग्यवाल्यांनीच का? २००७ साली महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली ती पाच जिल्ह्यांत. ठाणे त्यांतला एक होता. तेव्हा पालघर वेगळा व्हायचा होता. गावकऱ्यांनी केंद्राचे प्रगतिपुस्तक भरायचे आणि जनसुनवाईत ते सगळ्यांसमोर मांडायचे, अशी ती रीत. नर्सला ते ऐकणे सुखाचे नसते. पण 'पालकांनी उशिरा आणले' या वाक्याला पालकांचे उत्तर मिळते ते अशाच ठिकाणी.

सहा रकाने काढून टाकावेत, असे आमचे म्हणणे नाही. मुलगी घाबरली असेल तर ते बोलायला जागा हवी. दुसरा रकाना त्यासाठी असू द्यावा, पण त्याला गुण नसावेत. पहिल्या रकान्यात घड्याळाच्या वेळा असल्याशिवाय वही स्वीकारू नये. चौथ्यात माझ्यामुळे काय, केंद्रामुळे काय आणि त्यापलीकडचे काय, असे तीन भाग करावेत. सहाव्यात 'वाचन करीन' याऐवजी एक काम, त्याची तारीख आणि ते कोणाला सांगणार त्याचे नाव असावे. उदाहरणार्थ : अँब्युबॅगचा लहान मुखवटा प्रसूतिकक्षाच्या कपाटातून काढून तपासणीच्या टेबलाजवळ टांगणार, सोमवारी, सिस्टर आणि डॉक्टर दोघांना सांगून. महिनाभराने त्याच वहीत तो टांगला गेला की नाही, आणि नाही तर का नाही, याची ओळ हवी. शिक्षिकेने वाचायची ती ही ओळ.

आश्रमशाळांतल्या शिक्षकांसाठी एक वेगळी गोष्ट. वसतिगृहात मुले जमिनीवर झोपत असतील, आणि पावसाळ्यात पहाटे कोणी पोटात दुखते म्हणून उठवले, तर तिथे सिस्टर नसते, तुम्हीच असता. मुलाला वर बघायला सांगा, पापण्या पाहा, पाणी पाजू नका, वेळ लिहून ठेवा आणि १०८ला फोन करताना मण्यारीची शंका असल्याचे पहिल्याच वाक्यात सांगा. सध्या खाटा किती आणि जमिनीवर झोपणारी मुले किती, हा आकडा मुलांनाच मोजायला लावता येईल. मच्छरदाणी गादीखाली खोचलेली असेल तर मण्यारीलाही अडवते, हेही त्याच वेळी सांगून टाकावे.